कामठीची विडी आणि बाबू हरदास

मनुरेवातील कोणत्याही डेअरीत सिगारेटची पाकिटे दिसत नाहीत. २०१२ पासून न्यूझीलंडमध्ये ती गल्ल्यामागील बंद कपाटात ठेवावी लागतात. आपल्यापैकी जी कुटुंबे नागपूर, कामठी, भंडारा, गोंदिया या भागांतून येथे आली, त्यांच्या घरांतही तंबाखूची एक आठवण अशीच बंद कपाटात राहिली आहे. ती विडी ओढण्याची नव्हे, वळण्याची आहे.

विदर्भातील विडीची साखळी लांब होती. तंबाखू गुजरातच्या चरोतर भागातून आणि निपाणीकडून येई. तेंदूची पाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूरच्या जंगलांत भर उन्हाळ्यात तोडली जात. कारखानदार हा माल सट्टेदाराला देई आणि सट्टेदार तो मजुरांना वाटून देई. मजूर पाने भिजवी, पत्र्याच्या फर्म्याने कापी, त्यात जर्दा भरून विडी वळी, तोंड मुडपून दोरा बांधी. मजुरी हजारावर ठरे.

खरा अन्याय होता तो मोजणीच्या वेळी. सदोष ठरवून सट्टेदार ज्या विड्या बाजूला काढी, तिला 'छाट' म्हणत. छाटीची मजुरी बुडे. पुष्कळदा त्या विड्याही मजुराला परत मिळत नसत. दिलेली पाने खराब निघून कमी पडली, तर भरपाई मजुराच्याच माथी येई. कष्ट एकाचे आणि मोजमाप दुसऱ्याच्या हाती, अशी ही व्यवस्था होती. या मजुरांत अनेक जातिधर्मांचे लोक होते. गावगाड्याने ज्यांना जमीन आणि भांडवल दोन्ही नाकारले, ते आपले बांधवही त्यांत मोठ्या संख्येने होते. कारण सूप आणि कात्री एवढ्यावर हे काम सुरू होई.

या कडीवर बोट ठेवले ते बाबू हरदास एल. एन. यांनी. हरदास लक्ष्मणराव नगराळे यांचा जन्म ६ जानेवारी १९०४ रोजी कामठीत झाला. त्यांनी समाजासाठी रात्रशाळा चालविल्या आणि कामठीच्या विडी मजुरांची संघटना उभारली. १९३२ च्या सुमारास तिचे कार्य मध्य प्रांतात विस्तारले. १९३७ च्या निवडणुकीत ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे नागपूर-कामठीतून प्रांतिक विधिमंडळात निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ रोजी क्षयाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते अवघे पस्तीस वर्षांचे होते. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४४ मध्ये रेगे समिती नेमली गेली. तिने इतर उद्योगांबरोबर विडी मजुरांच्या स्थितीचीही चौकशी केली. पुढे १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले आणि नियमांनी छाटीवर मर्यादा घातली. मालकांनी त्याला आव्हान दिले. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. १९७६ च्या कल्याण निधी कायद्यातून विडी कामगारांसाठी दवाखाने व त्यांच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या आल्या. आपल्यापैकी काहींच्या शिक्षणाची पहिली पायरी अशाच कष्टांच्या मजुरीतून बांधली गेली.

तरीही 'आजी विड्या वळत असे' हे वाक्य परदेशी जन्मलेल्या मुलांसमोर आपण सहसा उच्चारीत नाही. तंबाखू घातक आहे, हे त्यांना अवश्य सांगावे. परंतु लाज वाटावी ती छाट काढणाऱ्या व्यवस्थेची, विडी वळणाऱ्या हातांची नव्हे. ज्यांच्या घरी अशी वडीलधारी माणसे हयात आहेत, त्यांनी या आठवड्यात भारतात फोन करताना एवढे विचारावे: हजाराला मजुरी किती होती, छाट किती निघे, हिशेब कोण लिही? उत्तरे तारीख घालून लिहून ठेवावीत. मुले रोज ज्या शब्दांनी अभिवादन करतात, ते कोणत्या वस्तीतून आले, हे त्यांना त्या वहीतून कळेल.

जय भीम.