काळ्या जमिनीवरचे घर : काँक्रीट-दुरुस्तीच्या अभ्यासाची प्रस्तावना

घोड आणि भीमेच्या काठची काळी जमीन उसाला आणि कांद्याला जितकी उदार आहे, तितकीच ती घराच्या पायाला अवघड आहे. शिरूर आणि दौंड तालुक्यांत नव्या घरांच्या जोत्यावर, चौकटींच्या कोपऱ्यांवर आणि अंगणातल्या कोब्यावर ज्या भेगा दिसतात, त्यांतल्या पुष्कळशा या जमिनीने काढलेल्या असतात. भेग कशामुळे पडली, ती भरायची की तिथले काँक्रीट फोडून नव्याने घालायचे, की काँक्रीटला हात न लावता फक्त सांडपाण्याची वाट बदलायची, हे ठरवण्याची विद्या म्हणजे घरगुती काँक्रीटची दुरुस्ती.  वाचक स्थापत्य पदविकेचा विद्यार्थी असो, थापी-ओळंबा हातात धरणारा गवंडी असो किंवा कर्ज काढून चार खोल्या उभ्या केलेला घरमालक असो, विषय तिघांचाही आहे.

या अभ्यासाचे सगळे सार एका वाक्यात सांगता येते. भेग हे लक्षण आहे. रोग बहुतेक वेळा पाण्यात असतो. पाणी कुठून येते, कुठे मुरते आणि कधी आटते हे कळले, की दुरुस्तीचा अर्धा मार्ग सापडतो.

या भागात माणूस मातीवर घर बांधत आला त्याला तीन हजारांहून अधिक वर्षे झाली. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या त्या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. आधीच्या काळात ऐसपैस चौकोनी घरे आणि शेवटच्या, हलाखीच्या काळात लहान गोल झोपड्या, असा तिथल्या घरांचा क्रम आहे. भिंती बुटक्या, कुडा-मातीच्या आणि छपरे गवताची. अशी घरे जमिनीबरोबर थोडी हलली तरी लिंपून पुन्हा नीट करता येत. पुढच्या काळात शेत काळीत आणि वस्ती पांढरीवर, ही वाटणी गावोगाव रूढ होती. दगड-मातीच्या जाड भिंतींना सांधे पुष्कळ. जमीन हलली तर हालचाल सांध्यासांध्यांत वाटली जाई.

गेल्या काही पिढ्यांत ही घडी बदलली. खडकवासल्याचा कालवा दौंडच्या शेतात आणि चासकमानचा शिरूरच्या शेतात पाणी घेऊन आला. ऊस वाढला, कुटुंबे गावठाण सोडून मळ्यात राहायला गेली. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या, तशा आसपासच्या शेतांत कामगारांसाठी खोल्यांच्या रांगा झाल्या. घर पांढरीवरून काळीत उतरले आणि त्याच वेळी भिंत दगड-मातीची न राहता आरसीसीची झाली. म्हणजे जमीन अधिक हलणारी आणि घर अधिक ताठ. या दोन बदलांच्या संगमावर आजच्या बहुतेक तक्रारी जन्मल्या आहेत.

ही माती हलते कशी, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दख्खनचा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थरावर थर साचून तयार झाला. तो झिजून झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण अतिशय पातळ पापुद्र्यांचे; पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, त्यांना दूर सारते आणि माती फुगते. पाणी आटले की पापुद्रे जवळ येतात आणि माती आक्रसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच. घराखाली मात्र हे समान रीतीने घडत नाही. कडेची माती पावसाळ्यात आधी भिजते आणि उन्हाळ्यात आधी सुकते. मधल्या मातीवर फरशीचे झाकण असल्याने तिच्यातला ओलावा बाहेर पडत नाही, हळूहळू वाढत राहतो. म्हणून बांधून दोन-तीन वर्षे झाली की कुठे मधली फरशी वर उचलली जाते, तर कुठे कोपऱ्याचा पाया खचतो.

मातीची ही वृत्ती मोजण्याची एक सोपी चाचणी आहे आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा स्वतः करून पाहावी. भट्टीत वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या एका मापनळीत घालायची, तेवढीच दुसरीत. एका नळीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत रॉकेल. काडीने ढवळून अडकलेली हवा काढून टाकायची आणि किमान २४ तास नळ्या हलवायच्या नाहीत. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, म्हणून ती नळी मूळ आकारमान सांगते. पाण्यातल्या नळीत मात्र माती वर चढलेली दिसते. दोन्हींतला फरक रॉकेलमधल्या आकारमानाच्या किती टक्के आहे, तो मुक्त फुगवटा निर्देशांक. तो ५० टक्क्यांच्या पुढे गेला, तर त्या जागेवर नेहमीचा उथळ पाया घालण्याआधी जाणकार अभियंत्याला विचारलेच पाहिजे.

हा प्रश्न जगात एकट्या आपल्याच वाट्याला आलेला नाही. कॅनडातले विनिपेग शहर हिमयुगातल्या अगासिझ सरोवराच्या चिकण गाळावर वसले आहे. तिथे मातीचे फुगणे-आक्रसणे आहेच, शिवाय गोठणाऱ्या पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, त्याचा मारही काँक्रीटला बसतो. म्हणून थंड प्रदेशातल्या काँक्रीटमध्ये मुद्दाम सूक्ष्म हवेचे बुडबुडे ठेवतात. आपल्याकडे पाणी गोठत नाही. आपला शत्रू कोरडे ऊन आहे. पण पायाखालच्या ओलाव्यात चढ-उतार होऊ न देण्याचा धडा दोन्हीकडे सारखाच आहे.

भारतात या मातीवर फार मोलाचे काम झाले आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी कंदासारखा फुगीर भाग असलेला अंडर-रीम्ड पाइल रुजवला. काळ्या मातीचा थर खोल असेल तिथे असा पाइल किमान साडेतीन मीटर नेतात, कारण त्या खोलीवर ऋतूंप्रमाणे होणारा ओलाव्याचा बदल नगण्य उरतो. मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दुसरी वाट दाखवली. काळ्या मातीवर सुमारे एक मीटर जाडीचा, चिकटपणा असलेला पण न फुगणारा मातीचा थर दाबून बसवला, तर खालची माती वर उचलू शकत नाही, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्याच्या कामात ही पद्धत वापरली गेली आणि पुढे कालव्यांच्या अस्तरीकरणाच्या भारतीय मानकातही आली. आपल्या भागात माळावर मिळणारा चांगला मुरूम हा त्या विचाराचा सर्वांत जवळचा साथीदार आहे, मात्र तो तपासून, थराथराने, पाणी मारून आणि धुमसून घातला तरच.

जमिनीनंतर काँक्रीट. त्याचे आजार वेगळे आहेत आणि ते मातीच्या माथी मारणे चुकीचे ठरेल. चांगले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते, म्हणून आतली सळई गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि ही अल्कता घालवतो. ओलाव्याची जोड मिळाली की सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागतो आणि खालचा पोपडा ढकलून पाडतो. हे डोळ्यांनी पाहता येते. स्लॅबचा ताजा फोडलेला भाग धूळ झटकून घ्यावा आणि त्यावर फिनॉल्फ्थेलिनचे द्रावण फवारावे. जिथे काँक्रीट निरोगी आहे तिथे ते गडद गुलाबी होते, जिथे अल्कता गेली आहे तिथे रंग चढत नाही. बिनरंगाचा पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल, तर वरून कितीही सुंदर गिलावा केला तरी आतला गंज थांबणार नाही.

सळईपर्यंत पोहोचायला या वायूला किती वर्षे लागतील, हे बांधतानाच ठरते. आयएस ४५६:२००० या मानकाप्रमाणे फुटिंगमध्ये सळईवर किमान ५० मिलिमीटर आणि कॉलममध्ये सर्वसाधारणपणे ४० मिलिमीटर आवरण हवे. कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवला, की ते आवरण भरताना निसटते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस, कोरड्या-उष्ण हवेत किमान १० दिवस पाणी मारायला हवे. आपल्याकडे मात्र पावसाआधी काम उरकायचे म्हणून स्लॅब नेमका एप्रिल-मे महिन्यांत पडतो, जेव्हा विहिरी तळाला गेलेल्या असतात आणि टँकर दाराशी येतो. क्युरिंगचे पाणी पहिल्यांदा तिथेच कापले जाते. बोअरच्या पाण्याचीही तपासणी हवी. आरसीसीसाठी त्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

आता निदान. चौकटीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग जमिनीकडे बोट दाखवते. स्लॅबच्या पोटात सळईच्या रेषेने धावणारी, तांबूस डाग असलेली भेग गंजाची आहे. गिलाव्यावर जाळ्यासारख्या पसरलेल्या केसाएवढ्या भेगा बहुधा लवकर सुकण्याच्या असतात, त्यांनी झोप उडवून घेऊ नये. जमिनीची भेग भरण्याआधी घराभोवती बाहेरच्या उताराचा, सांधे ठेवलेला कोब्याचा पट्टा करावा, मोरीचे आणि पन्हाळीचे पाणी नळाने दूर न्यावे, शोषखड्डा पायापासून लांब असावा आणि भिंतीला खेटून मोठे झाड नसावे. एक पूर्ण वर्ष भेग स्थिर राहिली, की मग ती भरावी.

फुगून फुटलेला ओटा किंवा रॅम्प मात्र ठिगळाने सुधारत नाही. तो फोडून, खालची काळी माती काढून, मुरमाचे थर, सोलिंग आणि पीसीसी अशा क्रमाने नव्यानेच करावा लागतो. गंजलेल्या स्लॅबचे काम त्याहून नाजूक आहे. आधी टेके लावायचे, सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचे, सळई चकचकीत होईपर्यंत घासायची, झिजली असेल तिथे नवी जोडायची, गंजरोधक लेप द्यायचा आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीटने भरून पुन्हा पाणी मारायचे. सळईच खाल्ली गेली असेल, तर दुरुस्ती की नवा स्लॅब हा निर्णय संरचना अभियंत्याचा आहे. तो त्याच्यावर सोडावा.

या विषयाला सामाजिक बाजूही आहे. २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागासाठी सुरू झाली तेव्हा सपाट प्रदेशातल्या किमान २५ चौरस मीटर घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. माळावरच्या कठीण मुरमावर घर बांधणारा आणि भीमेकाठच्या खोल काळीत बांधणारा, दोघांना रक्कम तीच. दुसऱ्याचा बराच पैसा पायातच जातो आणि पाया अपुरा राहिला तर पुढची दुरुस्ती त्याच्याच खिशातून होते. त्या योजनेत गवंड्यांसाठी ४५ दिवसांचे प्रशिक्षण आहे, ही चांगली सोय आहे. त्यात नवे बांधण्याबरोबर जुने राखण्याचे धडेही जोडले गेले पाहिजेत, कारण उभी घरे टिकवणे हे येत्या काळातले सर्वांत मोठे बांधकाम असणार आहे.

अभ्यासाला अजून पुष्कळ जागा आहे. पाट आल्यानंतर गावोगाव भूजल किती वर आले, बारमाही उसाच्या शेजारच्या घरांत आणि कोरडवाहू माळावरच्या घरांत भेगांची तऱ्हा कशी बदलते, कोणत्या खाणीचा मुरूम या कामाला उत्तम, या प्रश्नांची उत्तरे इथल्याच विद्यार्थ्यांनी आणि गवंड्यांनी नोंदवायची आहेत. त्यासाठी महाग यंत्रे लागत नाहीत, सातत्य लागते.

तेव्हा वाचकाला एकच विनंती. पुढची पाने उलटण्याआधी स्वतःच्या घराभोवती एक फेरी मारा. पाणी कुठे साचते ते पाहा. दिसलेल्या प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहा, मधोमध रुंदी मोजा आणि वर्षभर दर महिन्याला ते वहीत उतरवा. ती वही घेऊनच गवंड्याशी आणि अभियंत्याशी बोला. दुरुस्तीवरचा तुमचा पैसा योग्य जागी पडेल.