प्रसूतीतील दुआ व तावीज

बाळंतकळा सुसह्य व्हाव्यात, सुटका लवकर व्हावी म्हणून मुस्लिम समाजात चालत आलेल्या दुआ, जिक्र (अल्लाहचे नामस्मरण), कुराणपठण, दम केलेले (दुआ पढून फुंकलेले) पाणी, तावीज इत्यादी प्रथा. त्यांतल्या काहींना ग्रंथाधार आहे, काही निव्वळ लोकाचार. उलेमा, म्हणजे धर्मपंडित, हा भेद काटेकोरपणे करतात. बाळंतिणीच्या उशाशी बसलेल्या बायका सहसा करत नाहीत.

विशेष पठण होते ते कुराणातल्या ‘मरयम’ या १९ व्या सूरेचे (अध्यायाचे). तीत कळांनी बेजार झालेली ईसाची आई मरयम खजुराच्या बुंध्याला टेकते, याआधीच मेले असते तर बरे झाले असते म्हणते. तेव्हा तिला पायाशी वाहता झरा दाखवला जातो. बुंधा हलव, ताजा खजूर पडेल, खा-पी आणि निश्चिंत हो, असे सांगितले जाते. बायबलच्या ‘उत्पत्ती’त प्रसववेदना ही स्त्रीला मिळालेली शिक्षा आहे, कुराणात तसे कुठेही म्हटलेले नाही. उलट ४६ व्या सूरेत आईने सोसलेल्या याच कष्टांची आठवण देऊन आईबापांशी चांगले वागायला बजावले आहे.

अडलेल्या बाळंतिणीसाठी ८४ व्या सूरेच्या आरंभीच्या आयती वापरतात. त्यांत वर्णन आहे कयामतीचे: आकाश दुभंगते, जमीन पोटातले सारे बाहेर टाकून रिती होते. या आयती स्वच्छ भांड्यात लिहून त्यातले पाणी बाईला पाजावे, पोटावर शिंपडावे, असा उपाय धर्मपंडित इब्न कय्यिम (१२९२–१३५०) यांनी ‘जाद अल-मआद’ या ग्रंथात नोंदवला आहे.

तावीज म्हणून वापरायच्या पंधराच्या अंकचौकोनाची गोष्ट निराळी. ४-९-२, ३-५-७, ८-१-६ अशा तीन ओळी. उभी, आडवी, तिरपी कशीही बेरीज करा, पंधराच. पाणी न लागलेल्या दोन फडक्यांवर तो लिहायचा, बाईने तो निरखून पाहायचा आणि पायाखाली ठेवायचा, ही रीत धर्मचिंतक अल-गजाली (मृत्यू ११११) यांनी सांगितली आहे. सुमारे ९०० सालच्या ‘सिद्धयोग’ या वृंदाच्या आयुर्वेदीय ग्रंथातही सुलभ प्रसूतीसाठी तीन बाय तीनचा अंकचौकोन आहेच. सुईणींच्या जगात धर्माच्या सीमा फारशा पक्क्या नव्हत्या, एवढे यावरून दिसते.

‘कफ मरयम’ ही वाळवंटी वनस्पती पाण्यात टाकली की तिच्या मिटलेल्या वाळक्या फांद्या उलगडतात. तसे गर्भाशयाचे तोंड उघडते, अशी समजूत. उलगडणे केवळ ओलाव्याने होते, मेलेल्या झुडपातही होते. ते पाणी पिणे सुरक्षित असल्याचे मात्र सिद्ध झालेले नाही.

मरयमच्या गोष्टीतल्या खजुराची मात्र शास्त्रीय पाहणी झाली आहे. जॉर्डनमध्ये ६९ गरोदर स्त्रियांनी शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले; न खाणाऱ्या ४५ जणींच्या तुलनेत त्यांच्या कळा आपोआप सुरू होण्याचे प्रमाण जास्त आढळले (२०११). कळा किती दुखतात, हा त्या पाहणीचा विषय नव्हता.

जिक्राचा उपयोग समजायला सोपा आहे. श्वासाबरोबर अल्लाहचे नाव घोळवत राहिले की श्वासाला लय येते, भीती थोडी मागे हटते. शेजारी कुणी पढत असेल तर सोबतही होते. अडलेली प्रसूती मात्र त्याने सुटत नाही, तिथे दवाखानाच हवा. वेदनाशामक इंजेक्शन घ्यायला शरियतची मनाई नाही.