पाटण तालुक्यातील घरगुती रुग्णसेवा
सातारा जिल्ह्यातील या डोंगरी तालुक्यातून पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला माथाडीकामाला गेले; अंथरुणाला खिळलेल्या सासू-सासऱ्यांचे सारे करणे गावी राहिलेल्या सुनांवर आले. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला जखम होऊ द्यायची नाही, तांदळाची पेज चमच्याने भरवायची, ठसका लागू नये म्हणून मानेखाली हात धरायचा. हे कसबाचे काम आहे आणि ते भातलावणी, धारा-पाणी सांभाळून होते. पुरुषांच्या ओझ्याला १९६९ च्या माथाडी कायद्याने संरक्षण मिळाले. सुनांच्या या श्रमाला मजुरीही नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार मुलांसह घरच्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया त्यासाठी रोज १३४ मिनिटे देत होत्या, पुरुष ७६. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आरोग्यसेवेसाठी आशा सेविका आल्या. त्याही गावातल्याच स्त्रिया.