‘मस्तीखोर’ म्हणून सोडून देऊ नका : लहान मुलांचे वर्तन आणि जोडीने येणारे मानसिक आजार

पनवेल : एका जागी न बसणे, सतत मारामारी, उशिरा बोलणे, शाळेची भीती अशा तक्रारी आल्या की ‘पोराला वळण नाही’ असे म्हटले जाते. वस्तीतील मूल असेल तर दोष थेट समाजाच्या संस्कारांवर येतो. पण यामागे अतिचंचलता म्हणजेच एडीएचडी, स्वमग्नता, चिंता किंवा अध्ययन अक्षमता असू शकते.

यातील दोन अवस्था अनेकदा एकत्र असतात. एडीएचडी असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांत दुसरीही अडचण आढळते. चंचलपणा कमी झाला, पण वाचनाची अडचण तपासलीच नाही, तर मूल वर्गात ‘ढ’च ठरते. म्हणून एक निदान झाल्यावर ‘आणखी काही आहे का?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा. घरातल्या आणि शाळेतल्या वर्तनाची नोंद सोबत न्या. सहा वर्षांखालील मुलांच्या एडीएचडीत आधी पालकांचे प्रशिक्षण, औषधाचा विचार नंतर.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून ० ते १८ वयोगटाची मोफत तपासणी होते. पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा येतात. ‘टेलि-मानस’चा मोफत क्रमांक १४४१६. स्वमग्नता व अध्ययन अक्षमता यांना २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे संरक्षण आहे.

कार्यकर्त्यांनी ही माहिती विहारातील बालवर्गाच्या पालकांपर्यंत पोहोचवावी. अंगारे-धुपारे नाकारणाऱ्या आपल्या समाजाने ‘मार दिला की सुधारेल’ ही अंधश्रद्धाही नाकारली पाहिजे.