आयुक्तालयातले समुपदेशकांचे टेबल

बेंगळुरूच्या इन्फंट्री रोडवरील पोलीस आयुक्तालयात १९९९ मध्ये ‘वनिता सहायवाणी’ सुरू झाली. सहायवाणी म्हणजे कन्नडमध्ये हेल्पलाइन. मराठी कानालाही हा शब्द परका वाटत नाही. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईशी येथे आधी बोलते ती समुपदेशक, खाकीतला फौजदार नव्हे. ही सोय पोलिसांना सहज सुचलेली नाही. तिच्यामागे शहरातल्या स्त्री-संघटनांचा वीस वर्षांचा तगादा होता.

१९७९ मध्ये स्थापन झालेल्या ‘विमोचना’ या संघटनेने व्हिक्टोरिया रुग्णालयाच्या जळीत कक्षाचा पिच्छा पुरवला. भाजलेल्या सुनेचा जबाब घेताना सासरची माणसे उशाशी असत. पोरे त्यांच्याच ताब्यात राहणार, हे तिला ठाऊक असे. मग कागदावर एकच वाक्य उतरे : स्टोव्हचा भडका उडाला. १९९७ मध्ये बेंगळुरूत स्त्रियांच्या अनैसर्गिक मृत्यूंची १,१३३ प्रकरणे नोंदली गेली. त्यांपैकी १५७ खून, ५४६ आत्महत्या आणि उरलेले ४३० अपघात, अशी पोलिसांची वर्गवारी होती. एका शहरात एका वर्षात इतके अपघात व्हावेत, यावर संघटनांचा विश्वास बसला नाही. बसायला नकोच होता.

कायदा तोवर बदलला होता. पूर्वी नवऱ्याने थोबाडीत मारली तर ठाण्यात फार तर ‘एनसी’, म्हणजे अदखलपात्र नोंद, होई. तिचा कागद हातात घेऊन बाई पुन्हा त्याच घरी परते. १९८३ मध्ये भारतीय दंडविधानात ४९८-अ हे कलम आले आणि सासरचा छळ दखलपात्र गुन्हा ठरला. १९८६ मध्ये हुंडाबळीसाठी ३०४-ब आले. पण ठाण्यात बाईच्या बाजूने बसणारे माणूस कायद्याने दिले नाही.

ते पहिल्यांदा मुंबईत दिले गेले. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या इमारतीत बसत, मात्र पोलिसांच्या नोकर नसत. ठाणेदाराला फोन लावणे, सासरी अडकलेले स्त्रीधन किंवा तान्हे मूल परत मिळवणे, जबाब देताना बाईशेजारी बसणे ही त्यांची कामे. आत राहूनही बाहेरचे असणे, हीच या रचनेची ताकद. पुढे महाराष्ट्राने असे कक्ष इतर जिल्ह्यांतही उघडले.

बेंगळुरूच्या केंद्रात समुपदेशनावर भर राहिला आणि त्याबरोबर एक जुना आक्षेपही आला. दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवले की ‘संसार मोडू नका’ हा सूर लागतो आणि मारहाणीचे भांडण होते. आक्षेप खरा आहे. मार थांबवण्याची हमी नसलेली तडजोड बाईला महाग पडते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, हे मधले माणूस कायद्यात आणले : संरक्षण अधिकारी. घटनेचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणे, बाईला निवारा आणि वैद्यकीय मदत मिळवून देणे हे त्याचे काम. कर्नाटकात ही जबाबदारी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे सोपवली गेली. अंगणवाड्यांची देखरेखही त्यांच्याकडेच असते.