अँटिगनीचा मामा आणि अथेन्सचे दोन कायदे

'अँटिगनी' या ग्रीक नाटकाची ओळख बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली जाते: एका बाजूला सत्ता, दुसऱ्या बाजूला सदसद्विवेक. राजा दुष्ट, मुलगी शूर. ही ओळख खोटी नाही, पण तेवढीच डोक्यात ठेवून वाचलं तर अर्धं नाटक हातातून निसटतं. कारण सोफोक्लिसने ते ज्या अथेन्सच्या नागरिकांसमोर सादर केलं, त्यांना या भांडणातल्या दोन्ही बाजू स्वतःच्याच कायद्यात सापडत होत्या.

आधी गोष्ट सांगतो. थीब्जच्या गादीसाठी ईडिपसचे दोन मुलगे लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. इटिओक्लिस शहराच्या बाजूने लढलेला, पॉलिनायसिस परकी फौज घेऊन शहरावर चालून आलेला. सत्ता क्रेऑनकडे येते आणि तो फर्मान काढतो: पहिल्याला सन्मानाने पुरा, दुसऱ्याचं प्रेत कुत्र्या-गिधाडांसाठी उघड्यावर पडू द्या. जो पुरेल त्याला मृत्युदंड. बहीण अँटिगनी जाते, भावाला मूठमाती देते आणि पकडली जाते.

मला ग्रीक येत नाही. मी नाटक इंग्रजी अनुवादातून वाचलं, आणि तिथे क्रेऑन नुसता 'अंकल' असतो. मराठीत नातं मांडलं की चित्र बदलतं. क्रेऑन हा अँटिगनीच्या आईचा, योकास्टाचा भाऊ. म्हणजे तिचा सख्खा मामा. उघड्यावर पडलेलं प्रेत त्याच्या भाच्याचं आहे. अँटिगनीचं लग्नही त्याच्याच मुलाशी, हायमॉनशी ठरलंय. घरात वडीलधारा पुरुष आता तोच उरलाय, म्हणजे भाच्याची माती करणं हे रीतीप्रमाणे त्याचंच काम. 'कुटुंब विरुद्ध राज्य' हे भांडण दोन माणसांमध्ये सुरू होण्याआधी एकट्या क्रेऑनच्या आत सुरू व्हायला हवं होतं. ते होत नाही, आणि नाटकातलं पुढचं सगळं त्यातून घडतं.

आता अथेन्सच्या कायद्याकडे येऊ. तिथे आर्खोन या वरिष्ठ पदासाठी निवडल्या गेलेल्या माणसाला सूत्रं हाती घेण्याआधी जाहीर चौकशीला तोंड द्यावं लागे. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या, अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथात ते प्रश्न दिलेत. आईवडील कोण? त्यांना नीट वागवतोस का? घराण्याची थडगी आहेत का, आणि कुठे? कर भरतोस का? लष्करी मोहिमांवर गेलास का? घरच्या मेलेल्यांची काळजी आणि राज्याची सेवा एकाच यादीत. घरचं कर्तव्य ही तिथे खासगी भावना नव्हती, राज्यच त्याचा हिशेब मागत होतं.

त्याच अथेन्सचा दुसरा कायदा असा: देशद्रोह्याला आणि देवळं लुटणाऱ्याला ॲटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या हद्दीतल्या, मातीत पुरायचं नाही. हा कायदा नुसता कागदावर नव्हता. फ्रिनिखस नावाच्या पुढाऱ्याचा इ.स.पू. ४११ मध्ये खून झाला. नंतर, तो मेलेला असताना, त्याच्यावर देशद्रोहाचा खटला चालला आणि त्याची हाडं उकरून हद्दीबाहेर टाकली गेली. थेमिस्टोक्लिसचं उदाहरण तर नाटकाच्या आधीचं. सलामिसच्या लढाईत, इ.स.पू. ४८० मध्ये, शहराला वाचवणारा हा माणूस पुढे देशद्रोही ठरला, पर्शियाच्या राजाकडे आश्रयाला गेला आणि तिकडे मॅग्नेशियात वारला. इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो की, नातेवाइकांच्या म्हणण्याप्रमाणे, त्याची हाडं त्यांनी मायदेशी आणून ॲटिकात गुपचूप पुरली, कारण उघडपणे पुरायला बंदी होती.

इ.स.पू. ४४१ च्या सुमाराला अँटिगनीची गोष्ट पाहणाऱ्या प्रेक्षकांना हे सगळं परकं वाटलं नसणार. मी सॉफ्टवेअर लिहितो. दोन नियम सुटे सुटे तपासले तर दोन्ही पास होतात आणि एकाच केसवर दोन्ही लागू झाले की सगळं अडतं, हा अनुभव माझ्या धंद्यातल्या प्रत्येकाला आहे. 'भावाला पूर' आणि 'देशद्रोह्याला पुरू नको' हे असे दोन नियम आहेत. एक फरक मात्र प्रेक्षकांच्या लक्षात आला असेल. अथेन्सचा कायदा म्हणत होता, आमच्या मातीत नको. हद्दीबाहेर नेऊन पुरायची वाट उरत होती. क्रेऑन ती वाटही बंद करतो.

म्हणून क्रेऑन मूर्ख ठरत नाही. राज्य हे जहाज आहे, ते तरलं तरच नातीगोती टिकतात, हा त्याचा सुरुवातीचा मुद्दा अथेन्सला पटणारा होता. जवळजवळ शंभर वर्षांनी, इ.स.पू. ३४३ मध्ये, डेमॉस्थेनिसने भर कोर्टात नेमकं हेच भाषण वाचायला लावलं आणि प्रतिस्पर्धी एस्किनिसला सुनावलं की, तू नट असताना क्रेऑनचं काम करायचास, पण त्याचा हा उपदेश मात्र विसरलास. सोफोक्लिसलाही सत्ता बाहेरून बघावी लागली नव्हती. सामोसच्या युद्धात तो स्वतः पेरिक्लिससोबत सेनापती होता.

अँटिगनीचा सदसद्विवेकही आपण समजतो तसा नाही. मृत्यूकडे जाताना ती म्हणते की नवऱ्यासाठी किंवा मुलासाठी मी हे केलं नसतं. नवरा दुसरा मिळेल, मूलही दुसरं होईल, पण आईवडील गेल्यावर भाऊ पुन्हा मिळणार नाही. या ओळी ग्यॉथेला इतक्या खटकल्या की त्या सोफोक्लिसच्या नाहीतच असं कुणीतरी सिद्ध करावं, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली होती. मला त्या खऱ्या वाटतात. ती मानवजातीच्या वतीने बोलत नाहीये. ती एका ठरावीक माणसासाठी उभी आहे, आणि ज्याला तत्त्वांपेक्षा माणूस आधी दिसतो, तो बहुधा असाच बोलतो.

मग चूक नेमकी कुठे होते? माझ्या मते, क्रेऑन ऐकायचं थांबतो तिथे. हायमॉन येऊन सांगतो की गावात लोक तिच्या बाजूने कुजबुजताहेत, तुमच्यापर्यंत ते पोचत नाही. बाप त्याला उडवून लावतो. आंधळा द्रष्टा टायरेसियस येतो तेव्हा कुठे तो हादरतो. गावची वडीलधारी माणसं सल्ला देतात: आधी मुलीला सोडव, मग प्रेताला पूर. क्रेऑन उलट करतो. आधी पॉलिनायसिसचे विधी उरकतो, मग गुहेकडे जातो. तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. त्यानंतर मुलगा जातो, मग बायको.

इ.स.पू. ४०६ मध्ये अथेन्सने हेच प्रत्यक्षात केलं. आर्गिनुसीच्या आरमारी लढाईत शहर जिंकलं, पण वादळामुळे बुडालेल्या जहाजांवरची माणसं उचलता आली नाहीत. झेनोफन पाण्यात राहिलेल्या जिवंत खलाशांबद्दल लिहितो, डायोडोरस प्रेतांबद्दल. आठ सेनापतींवर आरोप आला. झेनोफनच्या म्हणण्यानुसार, नातेवाइकांच्या सणात काळे कपडे घातलेली, डोकी भादरलेली माणसं मृतांचे आप्त म्हणून सभेत पेरली गेली. सगळ्यांचा निकाल एकाच मतदानात लावणं बेकायदेशीर होतं. सभा चालवणाऱ्यांपैकी एकट्या सॉक्रेटिसने नकार दिला. युरिप्टोलेमसने विनवलं की प्रत्येकाला निदान एकेक दिवस द्या, वेगवेगळं ऐका. आणि आधार म्हणून त्याने दाखवला तो हाच, देशद्रोह्याला पुरू न देणारा कायदा. तुमचा सगळ्यात कठोर कायदासुद्धा आरोपीला आधी कोर्टात उभं करतो, असा त्याचा मुद्दा होता. सभेने ऐकलं नाही. हाती लागलेल्या सहा जणांना मारलं गेलं. त्यात पेरिक्लिसचा मुलगाही होता.

यावेळी घराच्या बाजूने, मृतांच्या नावाने, क्रेऑन झालं होतं ते अख्खं शहर. म्हणून मला या नाटकातून 'विवेक मोठा की कायदा' याचं उत्तर शोधावंसं वाटत नाही. दोन्ही बाजू माणसं मारू शकतात. बघायचं ते एवढंच, की दोन कर्तव्यं एकमेकांवर आपटली तेव्हा एक दिवस थांबून ऐकणारं कुणी होतं का.

अथेन्सच्या लोकांना थोड्याच दिवसांत पश्चात्ताप झाला, असं झेनोफन लिहितो. क्रेऑनलाही झाला होता.