विशेष शिक्षण व पालकांचे न्यायालयीन दावे

दिव्यांग मुलांना शाळेत प्रवेश मिळावा व त्यांच्या गरजांनुरूप शिक्षण मिळावे, यासाठी पालकांनी शासन व शाळा यांच्याविरुद्ध केलेली न्यायालयीन कारवाई. अशा दाव्यांचा शालेय व्यवहारावरील ठळक परिणाम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतो. तेथील विशेष शिक्षणाची चौकट शिक्षणतज्ञांच्या शिफारशींइतकीच पालकांच्या दाव्यांतूनही घडली आहे.

संयुक्त संस्थानांतील सर्व राज्यांत १९१८ पर्यंत सक्तीच्या शिक्षणाचे कायदे झाले. तथापि शिक्षणाचा लाभ घेण्यास असमर्थ ठरविलेल्या मुलांना वगळण्याची मुभा अनेक राज्यांत होती. पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचे मानसिक वय न गाठलेल्या मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येई. वांशिक विभक्ततेविरुद्धच्या ‘ब्राउन’ खटल्यात (१९५४) सर्वोच्च न्यायालयाने शासकीय शिक्षणाची संधी सर्वांना समान अटींवर मिळाली पाहिजे, असे तत्त्व मांडले. दिव्यांग मुलांच्या पालकांनी पुढे याच तत्त्वाचा आधार घेतला.

पेनसिल्व्हेनियातील बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांच्या संघटनेने १९७१ मध्ये राज्य शासनावर दावा लावला. त्याच वर्षी उभयपक्षी संमतीने हुकूमनामा झाला आणि अशा प्रत्येक मुलाला विनामूल्य शिक्षण देण्याचे बंधन शासनाने पतकरले. वॉशिंग्टन येथील ‘मिल्स’ खटल्यात (१९७२) शाळामंडळाने निधीच्या अभावाची सबब सांगितली. निधी अपुरा असल्यास त्याची झळ दिव्यांग मुलांनाच अधिक बसू देता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. तसेच मुलाला शाळेतून काढण्यापूर्वी वा त्याचा वर्ग बदलण्यापूर्वी पालकांना पूर्वसूचना व सुनावणी देणे आवश्यक ठरविले.

या निकालांचे प्रतिबिंब १९७५ च्या संघीय कायद्यात पडले. त्या वेळी देशात ८० लाखांहून अधिक दिव्यांग मुले असून त्यांपैकी १० लाख पूर्णतः शाळेबाहेर होती, अशी नोंद त्या कायद्यातच आहे. या कायद्याने प्रत्येक मुलासाठी लेखी वैयक्तिक शिक्षणयोजना, शक्यतो इतर मुलांबरोबर शिक्षण, योजना ठरविताना पालकांचा सहभाग आणि मतभेद झाल्यास निःपक्षपाती सुनावणी व न्यायालयात दाद या गोष्टी विहित केल्या. वाद मिटेपर्यंत मूल सामान्यतः आहे त्याच वर्गात राहते. परिणामी मूल शाळेस योग्य आहे काय, या प्रश्नाऐवजी शाळेने त्याच्यासाठी काय केले, हा प्रश्न पुढे आला आणि त्याचे लेखी उत्तर देणे शाळेस भाग पडले. १९९० मध्ये या कायद्याचे नाव बदलण्यात आले.

शिक्षणाचा दर्जा किती असावा, हा वादाचा पुढील टप्पा होय. ‘राउली’ खटल्यात (१९८२) एका कर्णबधिर मुलीच्या पालकांनी वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी मागितला. मुलीची प्रगती समाधानकारक असल्याने सर्वोच्च न्यायालयाने ही मागणी मान्य केली नाही. मुलाच्या क्षमतेचा परमोच्च विकास साधण्याचे बंधन शाळेवर नाही, असे मत दिले. शाळेची योजना अयोग्य ठरल्यास खाजगी शाळेचा खर्च पालकांना मिळू शकतो, असा निर्णय १९८५ मध्ये झाला. ‘एन्ड्र्यू एफ.’ खटल्यात (२०१७) नाममात्र प्रगती पुरेशी नसून मुलाच्या परिस्थितीनुरूप प्रगती साधेल अशी योजना हवी, असे न्यायालयाने एकमताने ठरविले.

या मार्गाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. हक्काची अंमलबजावणी बव्हंशी पालकांच्या तक्रारीवर अवलंबून असल्याने वेळ, माहिती व पैसा असलेल्या कुटुंबांना तिचा लाभ अधिक होतो. दावा जिंकल्यास वकिलाचे शुल्क मिळण्याची तरतूद १९८६ मध्ये झाली. परंतु तज्ञांच्या साक्षीचा खर्च त्यात येत नाही, असा निर्णय २००६ मध्ये झाला. सुनावणीत पुराव्याची जबाबदारी सामान्यतः दाद मागणाऱ्यावर असते, असे २००५ मध्ये ठरले. दाव्यांच्या भीतीने शाळांतील कागदोपत्री काम वाढते आणि शिक्षकांचा अध्यापनाचा वेळ त्यात खर्ची पडतो, अशीही टीका होते. तथापि संपूर्ण वर्गाच्या वतीने लढविलेल्या आरंभीच्या दाव्यांचा लाभ न्यायालयाची पायरी कधीही न चढलेल्या लक्षावधी कुटुंबांच्या मुलांना झाला, यात या चळवळीचे ऐतिहासिक महत्त्व आहे.